संजीवनीच्या वाट्याची वा

सिंगापुरात, पुंगोलच्या आमच्या इमारतीत संजीवनी टिपणीस सातव्या मजल्यावर राहते आणि मी बाराव्या. तरी शनिवारी सकाळी तिच्याकडे काय शिजतंय हे मला लिफ्टमध्येच कळतं. सोडे असले तर शेजारचा चिनी म्हातारा नाक वर करून हसतो. वालाचं बिरडं असलं तर तो हसत नाही, पण लिफ्टमधून उतरतही नाही.

बाई मूळची पेणची, लग्न होऊन ठाण्यात आली आणि नवऱ्याच्या नोकरीपायी इथे. जातीची कायस्थ प्रभू, म्हणजे माशाच्या बाबतीत जगातल्या कुणाचं काही ऐकून घेण्याची पद्धतच नाही. दर शनिवारी सात वाजता टेक्का मार्केटात हजर. तिथला मासेवाला तिला लांबून बघूनच आतला चांगला माल पुढे काढतो. नाही काढला तर ती एकेका माशाचे कल्ले उघडून बघते आणि मागची रांग खोळंबते, हे त्याला अनुभवाने माहीत आहे. मंडळाच्या गणपतीत तिच्या हातच्या निनावाचा, म्हणजे बेसनाच्या गोड वडीचा, एक तुकडा जास्त मिळावा म्हणून बुकित तिमाहच्या बंगल्यांतली माणसं आमच्यासारख्यांशी ओळखी काढतात. एकूण काय, सगळ्या सिंगापुरातले मराठी लोक तिचं जेवण जेवून वा म्हणाले आहेत. एक सोडून.

तो एक म्हणजे तिचा नवरा, प्रबोध.

प्रबोध वाईट नाही. बँकेच्या सॉफ्टवेअरमधला मोठा मॅनेजर, उंच, किडकिडीत, सभ्य. पण जेवताना तो बोलत नाही. एका हातात फोन, दुसऱ्या हातात घास. वाढलं की "हं". पुरे झालं की "हं" जरा लांबवून. मीठ कमी असलं तर मात्र "मीठ" एवढा एक शब्द पूर्ण म्हणतो. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि एवढ्या भांडवलावर संजीवनीने संसार केला होता. "आमच्याकडे बोलायची पद्धतच नाही हो काका," असं ती मला सांगायची, आणि ते तिला पटलेलंही होतं. प्रबोध असाच आहे, झालं. कुणाचे केस कुरळे असतात, कुणाचा नवरा गप्प असतो.

हे तिचं समाधान मी घालवलं. मुद्दाम नाही. म्हणजे, अगदीच मुद्दाम नाही.

झालं असं, की २०१४च्या मार्चमध्ये पाया लेबारला माझं चष्म्याचं काम होतं. स्टेशनाबाहेर प्रबोध भेटला, त्याचं ऑफिस तिथेच. शुक्रवार, दुपारची जेवणाची सुट्टी. मला म्हणाला, "काका, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो," आणि मॉल सोडून मागच्या जुन्या वस्तीत घेऊन गेला. एका इमारतीच्या तळमजल्यावर, न्हाव्याचं दुकान आणि शाळेच्या गणवेषाचं दुकान यांच्यामध्ये एक एवढंसं जपानी सुशीचं हॉटेल. टेबलं नाहीतच. एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे आठ स्टुलं, आणि पलीकडे पांढऱ्या सदऱ्यातला साठीचा मोरिता. तो तुमच्यासमोर उभा राहून मासा कापतो, मुठीत भाताचा लहानसा गोळा दाबतो, त्यावर माशाचा काप ठेवतो आणि तो एक घास तुमच्या पुढ्यात मांडतो. मग तुम्ही खाईपर्यंत तुमच्याकडे बघतो.

तर मोरिताने एक घास मांडला. प्रबोधने फोन खिशात टाकला. नीट ऐका, खिशात. घास तोंडात घातला, डोळे मिटले, मान हळूच उजवीकडे नेली आणि म्हणाला, "वा!"

पुटपुटला नाही. अख्ख्या फळीला ऐकू जाईल असं म्हणाला. मोरिताने मान लववली. पुढच्या घासाला परत, "वा! वा!" मी माझा घास हातात धरून नुसता बघत राहिलो. इतक्या वर्षांत या माणसाच्या पंगतीला मी शंभरदा बसलो असेन.

आता मला सांगा, ही गोष्ट पोटात ठेवायची कशी? मी प्रयत्न केला. शनिवार पूर्ण काढला. रविवारी संजीवनीने मला जेवायला बोलावलं होतं, तिने सोड्याची खिचडी वाढली, समोर प्रबोध "हं" म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "परवा मात्र प्रबोधपंत खुलले होते बरं का!"

प्रबोधचा घास थांबला. संजीवनीचा डावही.

"कुठे?" ती म्हणाली.

मी सांगितलं. विचारलं ते सगळं सांगितलं, न विचारलेलंही थोडं सांगितलं. डोळे मिटले होते का? होते. मोठ्यांदा म्हणाले? चांगलं मोठ्यांदा. किती वेळा? मी म्हटलं, अगं, मी काय मोजायला बसलो होतो? पण एकदा नाही.

"भातावर कच्चा मासा," ती शांतपणे म्हणाली. "फोडणी नाही. मसाला नाही. चिंच नाही, कोकम नाही."

"अगं, वेगळी चव असते ती," प्रबोध म्हणाला. त्या दिवशी त्याने बोललेलं हे सर्वात लांब वाक्य, आणि सर्वात चुकीचं.

त्या दिवसापासून ती बदलली. आधी तिने आठवडाभर अन्नाचा वर्षाव केला. कोलंबीचं खडखडलं, भरलेली पापलेटं, पोपटी कालवण, एके दिवशी तर कुणाचा सण नसताना कानवले. वाढायची आणि दाराच्या चौकटीला टेकून बघत राहायची. प्रबोध हं म्हणायचा. मग ती उपासावर आली, म्हणजे त्याला उपासावर आणलं. वरण, भात, काकडीच्या चकत्या. तरीही हं. मला व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, गाठून म्हणाली, "काका, मला दुसरी बाई चालली असती. निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं. या टकल्या म्हाताऱ्याशी मी काय भांडू?"

"टकला आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

शुक्रवारी एक वाजला की तिला चैन पडेनासं झालं. घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांना गणितं घालायची आणि फोन करायची. "काय करताय?" "जेवतोय." "बरं." आणि ठेवून द्यायची. मागे भांड्यांचे आवाज आले का, कुणी हसलं का, एवढंच ऐकायला. एकदा म्हणे फोन ठेवता ठेवता तिला पलीकडून ते अक्षर ऐकू आलं. संध्याकाळी तिने पोळ्या लाटल्या त्या इतक्या पातळ, की जाईने एक उचलून तिच्यातून बाबांकडे बघितलं. जाई ही त्यांची चौदा वर्षांची मुलगी, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र शाळेच्या भाषेत. "ममी, यू आर जेलस ऑफ अ सुशी अंकल, इझ इट? सो फनी लाह!"

"जेलस कसली! मला काय त्याच्याकडून शिकायचंय?" संजीवनी म्हणाली, आणि दुसऱ्या मिनिटाला, "काका, शनिवारी दुपारी चालू असतं का हो ते?"

शनिवारी आम्ही तिघं निघालो. जाईचा शाळेत बास्केटबॉलचा सराव होता. काका कशाला, असं प्रबोधने दोनदा विचारून पाहिलं. "काका साक्षीदार आहेत," असं उत्तर मिळालं. बाईने नारायणपेठ नेसली होती. पर्समध्ये एक लिंबू होतं. न जाणो, म्हणाली.

मोरिताने प्रबोधला बघून तोंडभर हसून मान लववली. ते हसणं संजीवनीने वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग ती बसायच्या आधी काचेच्या पेटीवर वाकली. आत माशांचे लांबट तुकडे ओळीने मांडलेले.

"डोकी कुठायत?" तिने मला विचारलं. "डोळे नाहीत, कल्ले नाहीत. ताजा आहे हे कळायचं कसं? विश्वासावर?"

"अगं, विश्वासावरच," प्रबोध म्हणाला.

"हो ना. सध्या तेवढंच चाललंय."

ती मध्ये बसली, एका बाजूला प्रबोध, एका बाजूला मी. मोरिताने पाहुणी बाई म्हणून पहिला घास तिच्यापुढे मांडला. संजीवनीने तो दोन बोटांनी अलगद सरकवला, प्रबोधच्या पुढ्यात.

मोरिताचे हात क्षणभर थबकले. प्रबोधचे कान लाल झाले. "अगं, ते तुझं आहे."

"घ्या हो तुम्ही आधी."

प्रबोधने घाईघाईने खाल्लं. या वेळी वा नाही, काही नाही. मोरिताने दुसरा घास केला, परत तिच्यापुढे. तिने तो माझ्यापुढे सरकवला. "काका, घ्या. तुम्ही मोठे." मी खाल्ला. वाया कशाला घालवायचा?

"संजू, प्लीज," प्रबोध दातांतल्या दातांत म्हणाला. "इथे असं नसतं."

"सगळ्यांना वाढून होऊ दे, मग मी बसते."

"अगं, तू बसलेलीच आहेस!"

हे वाक्य ऐकून ती दचकली. खाली बघितलं, स्टूल होतं. खरंच बसली होती. मला वाटतं, तोपर्यंत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या घरी मी इतक्यांदा जेवलो, पण ती जेवताना मी तिला कधी बघितलेली नाही. तिची पाठ बघितली आहे. तव्यावरची पोळी, पोळीवर वाकलेली पाठ, आणि मागे हात करून पुढे आलेला डबा.

मोरिताने सुरी खाली ठेवली. हात पुसले. मग तिसरा घास केला, पहिल्या दोनांपेक्षा लहान, आणि तो तिच्यापुढे ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना आपले हात आडवे धरले, म्हणजे सरकवायला जागाच राहिली नाही.

"मॅडम," तो त्याच्या तुटक इंग्रजीत म्हणाला, "धिस वन, युवर माउथ साइज. हिज माउथ, बिग. नॉट सेम. नाउ, प्लीज. नाउ."

आणि हाताची घडी घालून उभा राहिला. बाकीची स्टुलंही वाट बघायला लागली. आता कुणालाच काही मिळणार नव्हतं. संजीवनीने काड्यांकडे बघितलं, त्या बाजूला केल्या, हाताने घास उचलला आणि तोंडात घातला. नवऱ्याचं आणि वडीलधाऱ्याचं जेवण व्हायच्या आधी, चार परक्यांच्या देखत.

तो बांगडा होता. आपल्याकडचाच मासा, पण मिठात आणि मग शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, मोरिता बघत होता, आणि प्रबोध तर परीक्षेचा निकाल लागावा तसा बघत होता. पहिल्यांदा तिच्या भुवया वर गेल्या. मग डोळे मिटायला लागले. अर्धे मिटले. ओठ पुढे आले, त्यावर ते अक्षर अगदी येऊन टेकलं. मी शपथेवर सांगतो, आलं होतं. आणि त्या बाईने ते घासाबरोबर गिळलं.

"बरा आहे," ती म्हणाली.

मोरिता फसला नाही. मोठमोठ्याने हसला. मग ती पुढे वाकली आणि त्याला विचारलं, "सॉल्ट, हाउ लाँग?"

"वन आवर हाफ."

"फर्स्ट सॉल्ट, देन वॉश, देन विनेगर?"

मोरिताच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते प्रबोधने तिथे येत असलेल्या चार वर्षांत कधी बघितलं नव्हतं. तो वळला, खालच्या कपाटातून आख्खा एक बांगडा काढला, डोक्यासकट, आणि तिच्यापुढे धरला. तिने कल्ला उघडून बघितला. त्याने काटा कसा ओढतो ते दाखवलं. तिने मान हलवून, आम्ही असा नाही, असा काढतो, हे बोटांनी दाखवलं. पंधरा मिनिटं हे चालू होतं. त्या पंधरा मिनिटांत मोरिताने तिला दोन घास आणखी दिले, त्यातला एक प्रबोधलाही कधी मिळाला नव्हता असा. प्रबोधची फळी रिकामी. त्याने एकदा खाकरून बघितलं. एकदा "मोरिता-सान" म्हणून बघितलं.

"वन मोमेंट," मोरिता म्हणाला, त्याच्याकडे न बघता.

मी प्रबोधच्या कानात म्हटलं, "कसं वाटतंय?" तो हं सुद्धा म्हणाला नाही.

परतताना गाडीत जागा मिळाली. मी डोळे मिटून झोपलो, म्हणजे झोपलो असं दाखवलं. म्हाताऱ्या माणसाच्या या सोयीचा मी पुरेपूर फायदा घेतो.

"चांगला माणूस आहे," संजीवनी म्हणाली. "हातही चांगला आहे. मान्य. पण तुम्ही मला एक सांगा. त्याच्यापुढे तुमच्या तोंडातून येतं. माझ्यापुढे का येत नाही? मला खरं सांगा, वाईट असेल तरी चालेल."

 मग प्रबोध म्हणाला, "एकदा आलं होतं."

"कधी?"

"आपलं लग्न झालं त्या महिन्यात. ठाण्याला. तू बांगड्याचं तिखलं केलं होतंस. मी वा म्हणालो."

"मी नाही ऐकलं."

"तू आत पाणी भरत होतीस. आई वाढत होती." तो थांबला. "आई काही बोलली नाही. पण मग दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं. कपाळाला फडकं बांधून पडून. बाबांनी मला गॅलरीत नेलं आणि सांगितलं, घरात दोघीजणी रांधतायत तोवर तोंड फक्त जेवायला उघडायचं. मी ते... मग तेच राहिलं. मोरिताकडे काय, तिथे कुणी ऐकायला नसतं."

मी एक डोळा किलकिला केला. मला वाटलं होतं, बाई विरघळेल. आता डोळ्यांत पाणी, नवऱ्याच्या दंडावर हात वगैरे. छे!

"म्हणजे माझी वा त्यांनी ऐकली," संजीवनी म्हणाली. "अठरा वर्षं त्यांच्याकडे आहे. आणि मला सांगितलंसुद्धा नाही."

"अगं, तिचं काय चुकलं?"

"चुकलं म्हटलं का मी? माझी होती, एवढंच म्हणतेय."

सेरंगूनला गाडी बदलेपर्यंत ती गप्प होती. पण त्या गप्प बसण्यात काहीतरी शिजत होतं, हे मी लिफ्टशिवायही ओळखलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आठला मला फोन. "काका, जेवायला या. बरोब्बर साडेबाराला. उशीर करू नका." मी सव्वाबाराला गेलो, अशा वेळी उशीर करणारा मी नव्हे. बघतो तर पोळ्या आधीच करून डब्यात. गॅस बंद. टेबलाच्या एका बाजूला प्रबोध बसवलेला, फोन त्याच्याकडून काढून फ्रीजवर ठेवलेला. समोरच्या खुर्चीत संजीवनी स्वतः, बाजूला जाई. मध्ये बांगड्याचं तिखलं, लालभडक. आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला आयपॅड.

तेव्हा मला उमगलं. दर रविवारी आपल्याकडे सकाळचे दहा वाजले की ठाण्याहून प्रबोधच्या आईचा फोन येतो, चेहऱ्यासकट. म्हणजे आमचे साडेबारा.

आयपॅड वाजला. आई पडद्यावर आल्या. पांढरेशुभ्र केस, मागे बाबांचा हार घातलेला फोटो, चष्मा कपाळावर. "अगंबाई, जेवताय होय? मग करू का नंतर?"

"नको आई," संजीवनी गोड आवाजात म्हणाली, "बसा ना. तुमच्यासमोर जेवतील." आणि तिने एक तुकडी, अंगापुरत्या रसासकट, प्रबोधच्या ताटात ठेवली. मग हाताची घडी घातली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागली.

प्रबोधने तिच्याकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. फ्रीजवरच्या फोनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी लोणच्याकडे बघितलं. जाई म्हणाली, "बाबा, जस्ट ईट, लाह."

त्याने घास घेतला. कपाळावर घाम आला होता, तिखटाने असेल. डोळे मिटू नयेत म्हणून तो धडपडत होता हे दिसत होतं, पण मिटले. मान उजवीकडे गेली.

"काय केलंय रे?" आईंनी पडद्यातून विचारलं.

"बांगडा," प्रबोध म्हणाला. थांबला. एक श्वास घेतला. "वा झालाय, आई. फार सुंदर. वा!"

संजीवनी हलली नाही. फक्त तिचे कान तेवढे लाल झाले, एखाद्या नव्या नवरीसारखे. अठरा वर्षं वाट बघितलेला पाहुणा दारात उभा राहिला की माणूस काही बोलू शकत नाही, तसं.

पडद्यावर आई गप्प. इतक्या गप्प की मला वाटलं नेट अडकलं. मग त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि ताटाकडे निरखून बघितलं.

"रंग तर चांगला आलाय," त्या म्हणाल्या. मग आवाज अगदी लहान झाला. "माझ्या हातचा तू तेवीस वर्षं खाल्लास, प्रबोध. मला नाही रे कधी म्हणालास."

 संजीवनीच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं. आधी धक्का. मग, मला वाटतं, दया. ती खरी होती, मी खोटं नाही सांगणार, तिचा हात आयपॅडकडे अर्धा गेलाही. प्रबोधने तोंड उघडलं. त्याच्या ओठांवर ते अक्षर परत जमायला लागलेलं तिने बघितलं, आणि हात तिथेच थांबला.

टेबलाखालून तिने त्याच्या पायावर पाय ठेवला आणि पडद्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "म्हणा त्यांनाही. नक्की म्हणा. पण उद्या. आजच्या दिवस माझी राहू दे."

प्रबोध तिच्याकडे बघत राहिला. मग पडद्याकडे वळला.

"हॅलो? आई? आवाज तुटतोय गं," तो म्हणाला. "मी उद्या करतो हं तुला फोन. नक्की करतो."

आवाज स्वच्छ येत होता. मागे ठाण्याच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा आम्ही सगळ्यांनी ऐकली.